जुन्या जपानी मोटारसायकलींची चाकं: आधी ओळख, मग तपासणी, मग चकाकी

१९६९ ची होंडा सीबी ७५० तारांच्या चाकांवर आली. १९७६ मध्ये यामाहाने आरडी ४०० ला ओतीव अलॉय चाकं दिली आणि १९७७ च्या सीबी ७५० एफ २ ला होंडाने रिव्हेट मारलेली कॉमस्टार चाकं लावली. आठ वर्षांत तीन अगदी वेगळ्या जातीची चाकं आली, आणि तिघांची दुखणीही वेगळी. तारेचं चाक पूर्ण सुटं करून पुन्हा बांधता येतं. कॉमस्टार सुटं करायचं नसतं. ओतीव चाकाचा आरा तडकला तर त्याला वेल्डिंग नाही, भंगारच. म्हणून समोर कोणतं चाक आहे आणि ते कोणत्या धातूचं आहे, हे ठरल्याशिवाय पॉलिशवाल्याकडे किंवा पावडर कोटिंगवाल्याकडे जाऊ नये. चाकं रंगवून झाल्यावर तपासायला घेणाऱ्यांना भेगा दिसत नाहीत, कारण त्या रंगाखाली गेलेल्या असतात.

शिक्का वाचा

रिमच्या बाजूवरून रॉकेलचं फडकं फिरवा आणि शिक्का शोधा. तारेच्या चाकावर तो रिमच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, ओतीव चाकावर आऱ्याच्या किंवा रिमच्या अंगातच ओतलेला असतो. १.८५ × १८ असं लिहिलेलं असेल तर पहिला आकडा रिमची आतली रुंदी, म्हणजे एका कडेच्या आतल्या भिंतीपासून दुसरीपर्यंतची, इंचात. दुसरा आकडा टायरची कड जिथे बसते तिथला व्यास. रिमच्या बाहेरून टेप लावली तर १८ इंची रिम १९ इंचांच्या आसपास भरते आणि मग १९ चा टायर घरी येतो. ही चूक नेहमीची आहे.

जुन्या पद्धतीत रुंदीला डब्ल्यूएमचे क्रमांक असत: डब्ल्यूएम १ म्हणजे १.६० इंच, डब्ल्यूएम २ म्हणजे १.८५, डब्ल्यूएम ३ म्हणजे २.१५. एमटी ही अक्षरं दिसली तर रिमची बैठक ट्यूबलेस टायरच्या हिशेबाने घडवलेली आहे. तारेच्या रिमवर डीआयडी, ताकासागो किंवा अराया यांपैकी एक नाव सापडलं तर रिम बहुधा कारखान्यातूनच आलेली आहे. नावच नसेल तर ती बदललेली असण्याची शक्यता धरूनच पुढे जा, आणि रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या कॅलिपरने) स्वतः मोजा.

सत्तरच्या दशकातली मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. सीबी ७५०, कावासाकी झेड १, सुझुकी जीटी ७५० या मोठ्या गाड्यांना पुढे ३.२५-१९ आणि मागे ४.००-१८. सीबी ३५०, आरडी ३५०, सीबी ४००एफ यांना पुढे ३.००-१८ आणि मागे ३.५०-१८. आपल्याकडच्या आरएक्स १०० ला पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. ऐंशीच्या दशकात १६ इंची पुढच्या चाकाची लाट आली. १९८३ ची होंडा व्हीएफ ७५० एफ व सुझुकी आरजी २५० गामा आणि १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९००आर ही तिची उदाहरणं. त्या मापाचे टायर आता शोधावे लागतात. तेव्हा अशी गाडी घेण्याआधी टायर मिळतो का, ते बघा.

रिमची रुंदी आणि टायर यांचा मेळ साधारण असा: १.६० वर २.७५ किंवा ३.००, १.८५ वर ३.०० ते ३.५०, २.१५ वर ३.५० ते ४.००. आरएक्सच्या अरुंद रिमवर १००/९० चा जाड टायर चढवायची हौस सर्रास दिसते. टायर चढतो, पण त्याच्या बाजू आत दाबल्या जातात, माथा टोकदार होतो आणि वळणावर रस्त्याला टेकणारा भाग उलट कमी होतो. वर तो चेनगार्डला किंवा स्विंगआर्मला घासतो तो निराळाच.

पोलादी रिम

क्रोम केलेली पोलादी रिम म्हणजे पोलादाची पट्टी साच्यातून गोल वळवून टोकं वेल्ड केलेली असते. आतल्या बाजूने बोट फिरवलं की तो सांधा हाताला लागतो. क्रोमचा थर अगदी पातळ असतो. गंज खरा अडवतो तो त्याखालचा निकेलचा थर. क्रोम चमकतंय म्हणून रिम चांगली, असं मात्र नाही. ही रिम मरते ती आतून. निप्पलच्या (स्पोकचं टोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटच्या) भोकांतून पाणी शिरतं, रबरी पट्टीखाली साचतं, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी रिम आत पापुद्रे सोडत असते. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल तर टायर काढून पाहिल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये.

टायर, ट्यूब आणि पट्टी काढा. तारेच्या ब्रशने आतली बाजू घासा आणि प्रत्येक निप्पलच्या भोकाभोवती टोकदार स्क्रायबरने दाबून पाहा. वरवरचा तांबडेपणा असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं गंजरोधक लावा, नीट वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. टायरची कड बसते तिथे खड्डे पडले असतील तर ते घासून सपाट करा, नाहीतर ट्यूब तिथेच झिजून फुटेल. भोकाच्या कडा कागदासारख्या पातळ झाल्या असतील, भोक लंबगोल झालं असेल किंवा दोन भोकांमध्ये केसासारखी भेग दिसली तर रिम टाकून द्या. अशा रिमवर क्रोमचा खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

बाहेरच्या क्रोमवर नुसते तांबडे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला तुकडा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे न पडता गंज निघतो. क्रोम पुन्हा करायचंच असेल तर प्लेटिंगवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. पहिली, बफवर धातू कमीत कमी खरवडायचा, कारण जास्त घासलं की शिक्का पुसला जातो आणि निप्पल बसतात त्या उंचवट्यांच्या कडा गोल होतात. दुसरी, क्रोमच्या आधी निकेलचा नीट जाड थर हवा. नुसत्या झगमगीत क्रोमला पहिल्या पावसाळ्यातच ठिपके येतात.

स्पोकना मात्र क्रोम करू नका. उच्च ताणाच्या पोलादावर प्लेटिंग करताना धातूत हायड्रोजन शिरतो आणि तो ठिसूळ होतो. असा स्पोक दिसायला उत्तम असतो आणि कोपरात, म्हणजे हबपाशी वळलेल्या टोकात, कटकन तुटतो. जस्ताचा मुलामा दिलेले नवे स्पोक घ्या, किंवा स्टेनलेसचे.

स्पोक कुठून आणि कोणते

जपानी चाकांत बहुतेक वेळा ३६ स्पोक असतात. त्यांचे चार प्रकार पडतात (फ्लँज म्हणजे हबच्या, चाकाच्या मधल्या भागाच्या, बाजूची स्पोकच्या भोकांची गोल कड): डाव्या फ्लँजचे आतले आणि बाहेरचे, उजव्या फ्लँजचे आतले आणि बाहेरचे. आतल्या आणि बाहेरच्या स्पोकच्या कोपराचा कोन वेगळा असतो, आणि ड्रम एकाच बाजूला असेल तर लांबीही वेगळी. म्हणून जुने स्पोक फेकण्याआधी प्रत्येक प्रकाराचा एक नमुना चिठ्ठी बांधून ठेवा. लांबी मोजायची ती कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत. जाडी व्हर्नियरने बघा. ब्रिटिश गेजचे स्पोक आणि जपानी निप्पल, किंवा उलट, अशी जोडी जमवू नका. आटे सुरुवातीला धरल्यासारखे वाटतात आणि ताण आला की सोलून निघतात.

राजदूत ३५०, म्हणजे आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती, बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७३ पासूनच्या परदेशी आरडी ३५० ला पुढे डिस्क ब्रेक होता, एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूतला पुढे ड्रम. ड्रमच्या हबचा फ्लँज मोठा, म्हणून स्पोक आखूड. परदेशातून 'आरडी ३५०, पुढचं चाक' असं मागवलेल्या संचात लांब स्पोक येतात आणि ते निप्पलच्या बाहेर ट्यूबमध्ये घुसतात. मागवताना गाडीचं नाव पुरत नाही. लांबी, जाडी आणि कोपराचा कोन लिहून पाठवा.

स्टेनलेस स्पोकना निकेल चढवलेले पितळी निप्पल लावावेत. स्टेनलेसवर स्टेनलेस आटा फिरवताना धातू एकमेकांना चिकटून जाम होतो. आट्यांवर अँटी-सीझ पेस्टचा ठिपका द्या. ती नसेल तर ग्रीसही चालेल.

चाक बांधणं

१. काहीही सैल करण्याआधी हबच्या ब्रेकच्या बाजूच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरा आणि तिथून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजून सरासरी लिहून ठेवा. हा ऑफसेट. तो चुकला तर चाक गोल आणि सरळ असूनही गाडी एका बाजूला ओढते आणि चेनची ओळ बिघडते. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, त्यात व्हॉल्व्हचं भोक दिसायला हवं. एक स्पोक किती स्पोकना ओलांडून जातो, तेही मोजा.

२. निप्पलना आत शिरणारं तेल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक निप्पल अर्धा फेरा, सगळीकडे सारखा, असं फिरत फिरत सैल करा. एकाच बाजूचे आधी सोडले तर रिम वाकते. निप्पल गंजून बसलेच असतील आणि कटरने तोडायचे झाले, तरी आधी जेवढे सैल होतील तेवढे करा.

३. हब धुवा. स्पोकची भोकं लंबगोल झाली आहेत का, फ्लँजला भेग आहे का, ते भिंगातून बघा. पावडर कोटिंग करायचं असेल तर बेरिंगची बैठक, ड्रमचा आतला भाग आणि स्पोकची भोकं झाकायला सांगा. भोकांत कोटिंगचा थर राहिला की स्पोकचं डोकं त्यावर बसतं, काही दिवसांनी थर चेपतो आणि सगळा ताण उतरतो.

४. आधी फ्लँजच्या आतून जाणारे सगळे स्पोक घाला, मग बाहेरून जाणारे. क्रम उलटा झाला तर आतल्यांना फिरवायला जागा उरत नाही. प्रत्येक गट दोरीने सैलसर बांधून ठेवला की गुंता होत नाही.

५. रिम वर ठेवा. तिच्यावरचा प्रत्येक उंचवटा एका बाजूला झुकलेला असतो, काही डावीकडे, काही उजवीकडे, आणि पुढे-मागेही. स्पोक त्याच दिशेने आला पाहिजे. निप्पलपाशी स्पोक वाकून शिरताना दिसला तर जागा चुकली आहे किंवा रिम दुसऱ्या हबसाठी भोकं पाडलेली आहे. माप १८ चं, भोकं ३६, तरी आरएक्सची रिम मोठ्या ड्रमच्या हबवर बसेलच असं नाही, त्याचं कारण हेच.

६. सगळे निप्पल तीन-चार आटे लावा. मग स्पोकचे आटे निप्पलमध्ये जेमतेम दिसेनासे होईपर्यंत सारखे फिरवा. इथून पुढे मोजणी सुरू: प्रत्येकी अर्धा फेरा, व्हॉल्व्हच्या भोकापासून पुन्हा व्हॉल्व्हच्या भोकापर्यंत.

७. चाक एक्सलवर चढवून स्टँडवर ठेवा आणि आऊट, म्हणजे रिमचा डगमगा, काढायला घ्या. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तर फोर्कला घट्ट बांधलेली तार सुद्धा काम करते. आधी उडी काढा, म्हणजे वर-खालचा आऊट. रिम जिथे बाहेर येते तिथले दोन्ही बाजूंचे स्पोक आवळा, समोरचे तेवढेच सैल करा. मग डावा-उजवा आऊट. रिम उजवीकडे जात असेल तर तिथले डाव्या फ्लँजचे स्पोक पाव फेरा आवळा आणि उजव्याचे पाव फेरा सोडा. एका वेळी तीन-चार स्पोकच्या टापूत काम करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर ऑफसेट पुन्हा मोजा.

८. होंडा आणि यामाहाच्या त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलांत दोन्ही दिशांना आऊटची मर्यादा २ मिमी दिलेली आढळते. ती रिम बाद करण्याची हद्द आहे, कामाचं उद्दिष्ट नव्हे. नव्या रिमवर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचता येतं. वेल्डच्या सांध्यावर सुई उडी मारणारच. तेवढ्या जागेसाठी स्पोक ताणत बसू नका.

९. शेजारशेजारचे स्पोक हाताने जोडीजोडीने दाबून पिळा. बसायचे राहिलेले कोपर आणि पिळवटलेले स्पोक यात आपली जागा घेतात. मग पुन्हा एकदा आऊट बघा. शेवटी प्रत्येक स्पोकवर छोटा पाना वाजवा. एका प्रकारच्या स्पोकचा सूर सारखा यायला हवा, 'टण्' असा. 'थद्द' आवाज आला तर तो सैल. टॉर्क पाना असेल तर जाडीनुसार साधारण २ ते ४ न्यूटन-मीटर, पण आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा.

१०. निप्पलच्या वर आलेली टोकं कानशीने काढा, रबरी पट्टी बसवा.

पहिल्या १००–१५० किलोमीटरनंतर सूर पुन्हा तपासा, मग ५०० ला. स्पोक जास्त आवळल्याने तुटतात असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक स्पोक सैल राहिल्याने तुटतात. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्यात ताण-ढिलाई खातो आणि कोपरात थकून जातो. एक तुटला तर बदला. थोड्या दिवसांत तिसरा तुटला तर सगळा संच बदला, कारण उरलेल्यांचं वयही तेवढंच आहे.

ॲल्युमिनियमची रिम

मातीवर पळणाऱ्या जपानी गाड्यांत ॲल्युमिनियमची रिम लवकर रुजली. १९७३ ची होंडा एल्सिनोर सीआर २५०एम हे ठळक उदाहरण. चाकाच्या घेरावरचं वजन कमी झालं की सस्पेन्शनला काम हलकं पडतं. रस्त्याच्या गाड्यांवर सापडणाऱ्या बऱ्याचशा ॲल्युमिनियम रिम नंतर बसवलेल्या असतात. त्यांत स्पॅनिश अक्राँट आणि इटालियन बोरानी यांना अजूनही मान आहे. खांदे असलेली जुन्या घडणीची रिम दिसायला देखणी, पण खांद्यांत चिखल-पाणी साचतं.

इथे गंज लाल नसतो, पांढऱ्या पुडीसारखा असतो. पोलादी निप्पल आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि निप्पल भोकातच रुतून बसतो. अशा वेळी पाना जोरात फिरवला तर भोकाची कड फुटते. तेल मारा, हॉट एअर गनने रिम कोमट करा, मगच फिरवा. अनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला संरक्षक) थर उतरवायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण वापरतात. ते मिनिटा-मिनिटाने तपासत वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. विसरलात तर रिमच विरघळायला लागते. थर काढून आरशासारखी केलेली रिम पुढे सतत पॉलिश मागते, हेही आधीच माहीत असू द्या.

कॉमस्टार

बाहेरून ते ओतीव अलॉयसारखं दिसतं, पण आहे जोडकाम. ॲल्युमिनियमची रिम, पत्र्यातून दाबून काढलेले आरे, आणि हब. आरे रिमला रिव्हेटने आणि हबला बोल्टने धरलेले. सीएक्स ५००, सीबीएक्स, सीबी ९००एफ या सगळ्यांवर त्याचे अवतार आहेत. आरे काही मॉडेलांत पोलादी, काहींत ॲल्युमिनियमचे. चुंबक लावला की उत्तर मिळतं.

हबचे बोल्ट दिसतात म्हणून ते उघडण्याचा मोह होतो. उघडू नका. चाक कारखान्यात जुळवून एकत्र केलेलं असतं आणि होंडाच्या मॅन्युअलमध्ये ते सुटं न करण्याची स्पष्ट सूचना आहे. त्याचा आऊट काढता येत नाही. मर्यादेबाहेर गेलं तर चाक बदलणं एवढाच उपाय.

तपासायचे ते रिव्हेट. चाक धुऊन वाळवा, प्रत्येक रिव्हेटभोवती काळपट किंवा तपकिरी भुकटीचं वर्तुळ आहे का बघा. असेल तर तो रिव्हेट हलतोय. बोट रिव्हेटवर ठेवून आऱ्यावर रबरी हातोडीने टकटक करा, हालचाल बोटाला जाणवते. आरे पोलादी असतील तर पोलाद आणि ॲल्युमिनियम भेटतात त्या सापटीत पांढरी पूड आणि फुगवटा शोधा. ढिला रिव्हेट स्थानिक वर्कशॉपमध्ये ठोकून घट्ट केलेलं चाक विकत घेऊ नये. दिसायला घट्ट होतं, पण भोक आतून मोठं झालेलंच राहतं.

आणखी एक सापळा. स्पोकची भोकं नाहीत म्हणजे ट्यूबलेस, असं सुरुवातीच्या कॉमस्टारना लागू होत नाही. रिमवर इंग्रजीत ट्यूबलेस चालेल असं ठळक लिहिलेलं असेल तरच ट्यूब काढा. नसेल तर ट्यूब हवीच.

ओतीव अलॉय

यामाहाची आरडी ४००, एक्सएस ७५० आणि एक्सएस ११००, सुझुकीची जीएस १०००, कावासाकीची १९७८ ची झेड १-आर: सत्तरच्या उत्तरार्धात सगळे या बाजूला वळले. स्पोक ताणायची कटकट नाही. पण ही पहिली पिढी जड आहे, आणि आज चाळिशी ओलांडलेली आहे.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी साबण-पाणी आणि थिनर. सँड ब्लास्टिंग या टप्प्यावर अजिबात नाही, कारण वाळूचा मारा धातूचा वरचा थर चेपून भेगेचं तोंड बंद करतो. रंग केमिकलने काढा. मग भेगा शोधण्याचा तीन डब्यांचा स्प्रे संच वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातून आणा. क्लीनरने पुसा, लाल रंग मारून १० ते २० मिनिटं थांबा, फडक्यावर क्लीनर घेऊन वरचा रंग पुसा. क्लीनर थेट चाकावर मारू नका, भेगेतला रंगही धुऊन निघतो. मग पांढरा डेव्हलपर मारा आणि १० मिनिटांनी पाहा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की भेग. आऱ्याचं मूळ, हबभोवतीचा भाग, डिस्कच्या बोल्टची भोकं आणि खड्ड्यात आपटलेली रिमची कड या चार जागा सोडू नका.

आरा किंवा हब तडकलेलं चाक वेल्डिंगने जोडून रस्त्यावर आणू नये. उष्णतेने त्या भागाची हीट ट्रीटमेंट (धातूला तापवून-थंड करून दिलेला कणखरपणा) उतरते आणि वेल्डच्या शेजारीच धातू मऊ पडतो. वाकलेली कड हातोडीने सरळ करणारे खूप आहेत. थंड ॲल्युमिनियमवर तसं केलं की आतून बारीक भेगा सुरू होतात, आणि त्या टायरखाली दिसत नाहीत. कावासाकीच्या काही मॅन्युअलांत ओतीव चाकांची मर्यादा बाजूला ०.५ मिमी आणि वर-खाली ०.८ मिमी इतकी आहे, तारेच्या चाकापेक्षा कितीतरी कडक.

पावडर कोटिंग साधारण १८०–२०० अंशांवर भाजतात. हीट ट्रीटमेंट केलेल्या ओतीव ॲल्युमिनियमला हे तापमान जास्त होतं. कमी तापमानाची पावडर मिळत नसेल तर इपॉक्सी प्रायमरवर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग मारावा. टिकतो, आणि पुढे भेग पडली तर त्यावर रेघही दिसते.

मॅग्नेशियम

गॅरेजमध्ये कोणत्याही अलॉयला 'मॅग' म्हणतात. त्या काळच्या जपानी रस्त्याच्या गाड्यांची कारखान्यातली अलॉय चाकं बहुतेक करून ॲल्युमिनियमचीच असतात. खरं मॅग्नेशियम शर्यतीच्या गाड्यांवर किंवा नंतर लावलेल्या मॉरिस, कॅम्पान्योलो, डायमॅग या चाकांत सापडतं. लेस्टरची चाकं त्यांच्यासारखी दिसतात, पण ॲल्युमिनियमची. खात्री करायची तर टायरखालच्या एखाद्या लपलेल्या जागी रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे येतात. पाण्याने धुऊन ती जागा कोरडी करा.

जुनं मॅग्नेशियम चाक प्रयोगशाळेत भेगांसाठी तपासल्याशिवाय रस्त्यावर नको. प्रदर्शनात लावा, शेडमध्ये लावा. घासायचं असेल तर ग्राइंडर बंद. त्याची पूड पेटते आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकते. शेजारी कोरडी वाळू ठेवूनच हात लावा.

दोन फाकांची चाकं

होंडा मंकी आणि डॅक्ससारख्या छोट्या गाड्यांची चाकं पोलादी पत्र्याच्या दोन फाका बोल्टने जोडून केलेली असतात. टायर काढायला टॉमी (टायर उचकटायची पट्टी) लागत नाही, फाका उघडल्या की झालं. पण बोल्ट उघडण्याआधी हवा पूर्ण सोडा आणि व्हॉल्व्हची पिन बाहेर काढा. भरलेल्या ट्यूबवर बोल्ट सैल केले तर फाक तोंडावर उडते. जोडताना ट्यूब फाकांमध्ये चिमटली जात नाही ना, हे थोडी हवा भरून बघा.

हब, बेरिंग, ड्रम

बेरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो, ६२०२, ६३०२ असा. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं घ्या. जुनं काढताना हब १०० अंशांच्या आसपास तापवा, ॲल्युमिनियम फुगतं आणि बेरिंग सहज सरकतं. काही जुन्या होंडांत बेरिंगवर आट्यांची रिंग असते आणि ती पंच मारून लॉक केलेली असते. ती खूण ड्रिलने काढून, पिनांचा पाना लावून रिंग फिरवा. छिन्नीने मारत बसलात तर हबचे आटे जातील.

नवं बसवताना आधी एका बाजूचं पूर्ण बसवा, मग मधला स्पेसर, मग दुसरं. ठोकायचं ते बाहेरच्या रिंगवर. स्पेसर विसरला, किंवा तो झिजून आखूड झाला असेल, तर एक्सलचा नट आवळताच दोन्ही बेरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात आणि नवं बेरिंग थोड्याच दिवसांत आवाज करू लागतं. दोष बेरिंगच्या कंपनीला जातो.

ड्रमची कमाल मर्यादा आत कोरलेली असते. लेथवर साफ करायचा असेल तर स्पोक बांधून, पूर्ण ताण देऊन झाल्यावर करा. स्पोकच्या ताणाने ड्रम किंचित आकार बदलतो. सुट्या हबवर गोल केलेला ड्रम चाक बांधल्यावर पुन्हा लंबगोल होतो आणि ब्रेक धडधडतो.

टायर चढवताना

रिमच्या मधल्या खोलगट भागात टायरची एक बाजू दाबून धरली की समोरची बाजू टॉमीला फार जोर न लावता आत जाते. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आणा. कडेला साबणाचं पाणी, ट्यूबला टाल्कम पावडर, आणि आधी जेमतेम आकार येईल इतकीच हवा. पूर्ण भरल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते फिरवून बघा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी जुळवा, बॅलन्सला वजन कमी लागतं.

तारेच्या रिमवर ट्यूबलेस टायर चालतो, पण आत ट्यूब घालून. भोकं सीलंटने बुजवून ट्यूब काढणारे लोक रिमच्या बैठकीचा विचार करत नाहीत. ट्यूबलेस रिमवर कडेच्या आत एक बारीक उंचवटा असतो, तो हवा गेली तरी टायरला खोलगट भागात घसरू देत नाही. जुन्या पोलादी रिमवर तो नाही.

व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीपाशी नेऊन ठेवा. ब्रेक मारताना टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि लगेच दिसतो. नट आवळलेला असेल तर तेच सरकणं दिसत नाही, आणि एक दिवस व्हॉल्व्ह मुळापासून फाटून हवा एका क्षणात जाते.